एकच तर स्टेशन!

"अहो, तुम्ही बी.कॉम. ना? मग हे मोजून द्या," म्हणत साहेबांनी कागद पुढे सरकवला. आमच्या बँकेत कुणी मोजायचे हे ठरले नाही, की ते बी.कॉम.वाल्याकडे येते. चांगल्या नोटा, फाटक्या नोटा, पावसाळ्यात छपराखाली मांडलेल्या बादल्या, सगळे मी मोजले आहे. या खेपेला डेटाबेसचे परवाने होते.

म्हटले, सोपे आहे. पासबुक आणि लेजर जुळवायचे तसेच. डावीकडे विकत काय घेतले, उजवीकडे बसवले काय. बिलांत एस्क्यूएल सर्व्हर २०२२च्या तीन 'स्टँडर्ड' निघाल्या. मग संगणक विभागातल्या पोराने एकेका यंत्राला विचारले, "बाबा रे, तुझी एडिशन कोणती?" यंत्रे खोटे बोलत नाहीत, हीच पंचाईत. दोन म्हणाली स्टँडर्ड, एक एक्सप्रेस, एक डेव्हलपर.

एक्सप्रेस फुकट असते, पण एका डेटाबेसला १० जीबीची वेस. नाव एक्सप्रेस, ऐपत खोपोली शटलची! ती शिपायांच्या रजा सांभाळत होती, तक्रार नव्हती. डेव्हलपरही फुकट, आणि अंगात सगळी ताकद महागड्या 'एंटरप्राइज'ची. अट एकच: प्रोग्राम लिहा, तपासा, पण खऱ्या कामाला जुंपू नका. आमच्याकडे तिच्यावर गिऱ्हाइकांची कर्जखाती धावत होती. आणि तिसरी स्टँडर्ड, पैसे मोजून घेतलेली, कपाटात झोपली होती!

"बसवताना कुणी अडवलं नाही?" मी विचारले.

"काका, ते विचारतच नाही. 'अटी मान्य' दाबलं की झालं."

साहेब म्हणाले, "ती ओळ गाळा हो. चालतंय ना? एकच तर सर्व्हर!"

हे वाक्य मी कुठेतरी ऐकले होते. कुठे? माझ्याच तोंडी! मी पळसदरीचा. घरी जाताना कर्जतला गाडी बदलतो. पास दुसऱ्या वर्गाचा, पण शटलमधला पहिला वर्ग रिकामा दिसला की बसतो. गादी काही पास विचारत नाही. टीसी विचारतो, तोही कधीतरी. मनाला सांगतो, एकच तर स्टेशन!

ओळ मी लिहिली. साहेबांनी सही केली, चहा मात्र सांगितला नाही. कपाटातली स्टँडर्ड रविवारी कामाला लागली.

त्या संध्याकाळी शटलच्या दुसऱ्या वर्गात खच्चून गर्दी. मी दांडीला लटकलो. पाय दुखले नाहीत. एकच तर स्टेशन!