सहलीतून जोडलेली माणसे

परदेशातील समूह-सहलीला निघताना प्रत्येक कुटुंब दोन याद्या करते. काय पाहायचे ही एक आणि बरोबर काय घ्यायचे ही दुसरी. कोणाच्या सहवासात दिवस काढायचे, ही तिसरी यादी मात्र सहल-कंपनीच्या हाती असते आणि ती विमानतळावरच प्रथम डोळ्यांपुढे येते. गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस सांगलीचे एक कुटुंब स्वित्झर्लंड, लिखटेनस्टाइन आणि ऑस्ट्रिया या तीन पर्वतीय देशांच्या नऊ दिवसांच्या सहलीला निघाले. शेतीपंपांचे दुकान चालवणारे गृहस्थ, महाविद्यालयात शिकवणाऱ्या त्यांच्या पत्नी, एक मुलगी, एक मुलगा आणि गृहस्थांच्या ७२ वर्षांच्या मातोश्री अशी पाच माणसे. मातोश्रींना घरात सारे अक्का म्हणतात. चार वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. डॉक्टरांनी प्रवासास अनुमती दिली. मात्र फार उंचावर जायचे की नाही, हे त्या दिवशीची प्रकृती पाहून ठरवा, असे बजावले होते.

अक्कांना स्वतःला प्रकृतीपेक्षा जेवणाची चिंता अधिक होती. चौविहार आणि कंदमुळांचा त्याग हे त्यांचे अनेक वर्षांचे नियम. बटाट्यावाचून ज्यांचे पान हलत नाही अशा मुलखात आपला निभाव कसा लागावा, या विचाराने त्यांनी खाकरे, मेतकूट आणि भाजक्या पोह्यांच्या चिवड्याने एक स्वतंत्र पिशवी भरली होती. सूर्यास्ताचा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी सुटला. या दिवसांत तेथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, हे नातीने सांगितले तेव्हा अक्कांनी घड्याळ आणि आकाश दोन्ही दोनदा पाहिले.

बसमध्ये एकूण ४१ प्रवासी होते. नाशिकजवळचे द्राक्षबागायतदार पतिपत्नी, ठाण्याच्या दोन निवृत्त शिक्षिका भगिनी, एक नवविवाहित जोडपे, आणि अमरावतीहून एकट्याच आलेल्या एक निवृत्त परिचारिका. पहिल्या दिवशी प्रत्येक कुटुंब आपापल्या वर्तुळात होते. १५० मीटर रुंद आणि २३ मीटर उंच अशा ऱ्हाइन धबधब्यापाशी ही वर्तुळे प्रथम भेदली गेली, तीही एका साध्या गरजेने. सर्वांचे एकत्र छायाचित्र काढायला बाहेरचा माणूस लागतो. "जरा आमचा एक फोटो काढता का?" या प्रश्नाने ओळखी सुरू झाल्या.

पुढचे काम बसमधील आसनांच्या नियमाने केले. पुढची जागा सर्वांना मिळावी म्हणून दररोज रांगा बदलत, त्यामुळे शेजार रोज नवा असे. डोंगरउतारावर गवत कापणारे शेतकरी पाहून पंपविक्रेते आणि बागायतदार यांची चर्चा पाण्यापासून सुरू झाली आणि ल्युसर्न येईपर्यंत ठिबक सिंचनाच्या अनुदानापर्यंत पोहोचली. ल्युसर्नचा चौदाव्या शतकातील लाकडी पूल १९९३ च्या आगीत बराचसा जळाला आणि नंतर पुन्हा उभारला गेला. त्या पुलावरून चालताना अक्कांचा खाकऱ्यांचा डबा रांगेत हातोहात फिरला. पाच जणांच्या कुटुंबात एक आसन शिल्लक उरते आणि एकट्या प्रवाशाला तेच मिळते. त्यामुळे परिचारिकाबाई अक्कांच्या शेजारी बसू लागल्या. बसभर त्यांचे नाव 'सिस्टर' पडले. तिसऱ्या दिवशी "आज जेवणात बटाटा आहे का, आधी विचारा" हे स्वयंपाकघरात सांगण्याचे काम सिस्टरांनी आपल्याकडे घेतले होते.

पाचव्या दिवशी सहलीतील मुख्य आकर्षण होते, युंगफ्राउयोख. ३,४५४ मीटर उंचीवरील हे युरोपातील सर्वांत उंच रेल्वे स्थानक. १८९६ मध्ये या मार्गाचे काम सुरू झाले. ज्यांनी तो कल्पिला ते आडोल्फ गुयेर-झेलर १८९९ मध्येच निवर्तले. गाडी शेवटच्या स्थानकापर्यंत पोहोचली ती १९१२ मध्ये. मार्गाचा सात किलोमीटरहून अधिक भाग डोंगराच्या पोटातून जातो. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश इतकाच असतो आणि तरुण माणसालाही पायऱ्या चढताना ते जाणवते.

लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांची गाडी सर्वांना क्लायने शायडेग येथे घेऊन आली. उंची २,०६१ मीटर. येथे गाडी बदलायची होती. एका फलाटावरून दुसऱ्यावर जाताना अक्कांना धाप लागली आणि त्या बाकावर बसल्या. सिस्टरांनी त्यांचे मनगट धरले, घड्याळाकडे पाहिले आणि सांगितले, "घाबरण्यासारखं नाही. पण वर जाऊ नका."

समूहाच्या गाडीची वेळ ठरलेली होती. निर्णयासाठी मोजकी मिनिटे होती. मुलगा म्हणाला, मी थांबतो. सूनबाई म्हणाल्या, तुम्ही मुलांबरोबर जा, मी थांबते. नातवाने वर्षभर या गाडीचे चित्र भिंतीवर लावले होते. तोही "मी थांबतो" म्हणाला, पण मान खाली घालून. अक्का तर कोणीच थांबू नये म्हणून हट्टाला पेटल्या. इतक्यात सिस्टरांनी आपली पिशवी बाकावर ठेवली. "तुम्ही सगळे जा. मी आहे अक्कांपाशी." त्यांनी या दिवसासाठी सर्वांइतकेच पैसे मोजले होते आणि त्यांना पुन्हा येणे घडेल याची काही शाश्वती नव्हती. सहल-व्यवस्थापकाने दूरध्वनी क्रमांक लिहून दिले आणि गाडी निघाली.

सुमारे चार तास त्या दोघी उपाहारगृहाच्या अंगणात उन्हात बसल्या. समोर आयगर पर्वताचा उत्तर कडा उभा होता. या कड्याने अनेक गिर्यारोहकांचे प्राण घेतले आहेत. १९३८ च्या जुलैमध्ये तो प्रथम सर झाला, आणि ज्यांनी तो सर केला ते निघताना एकत्र नव्हते. हाइनरिश हॅरर आणि फ्रिट्झ कास्पारेक ही ऑस्ट्रियन जोडी पुढे होती. मागून आंडेर्ल हेकमायर आणि लुडविग फ्योर्ग या जर्मन जोडीने तिला गाठले. हॅरर यांच्या बुटांना बर्फावर रोवायचे लोखंडी काटेही नव्हते. त्यांना मागे टाकून जाणे शक्य होते. त्याऐवजी चौघे एका दोराला बांधले गेले आणि माथ्यावर एकत्र पोहोचले. हेच हॅरर १९३९ मध्ये नंगा पर्वताच्या मोहिमेसाठी भारतात आले, महायुद्ध पेटताच ब्रिटिशांच्या कैदेत पडले आणि प्रारंभी अहमदनगरच्या छावणीत राहिले. पुढे १९४४ मध्ये डेहराडूनच्या छावणीतून निसटून ते तिबेटकडे गेले. नातवाने ही हकिगत संध्याकाळी सांगितली, तेव्हा दिवसभर आपण कशाकडे पाहत होतो हे दोघींना कळले. त्यांना तो केवळ काळा, ओला खडक वाटला होता.

त्या चार तासांत काय बोलणे झाले, ते दोघींनी थोडेसेच सांगितले. सिस्टरांनी नोकरीची बहुतेक वर्षे रात्रपाळीत काढली होती. रुग्णाजवळ बसायचे आणि हाताला दुसरे काहीच काम नाही, असा प्रसंग त्यांना प्रथमच आला होता. अक्कांनाही दुसऱ्याने ताट पुढे करावे आणि आपण नुसते खावे याची सवय नव्हती. सकाळी त्या सिस्टरांना 'अहो बाई' म्हणत होत्या. संध्याकाळी कुटुंब बर्फाने भिजलेले बूट घेऊन खाली आले, तेव्हा 'अगं' ऐकू येत होते.

गृहस्थ व्यापारी. कोणाचे देणे ठेवायचे नाही, हे त्यांचे बाळकडू. रात्री त्यांनी तिकिटाची रक्कम पाकिटात घालून सिस्टरांपुढे ठेवली. सिस्टर हसल्या. "ड्यूटीचे पैसे अमरावतीत घेतले. इथे मी रजेवर आहे." पाकीट परत आले आणि गृहस्थ दोन दिवस अस्वस्थ राहिले. वाडुत्समध्ये, अवघ्या १६० चौरस किलोमीटरच्या त्या देशाच्या राजधानीत, त्यांनी सिस्टरांसाठी काही भेट घेण्याचा प्रयत्न केला. सूनबाईंनी त्यांना थांबवले. इन्सब्रुकच्या दगडी रस्त्यावर सिस्टरांच्या बॅगेचे चाक निखळले, तेव्हा नातवाने ती उचलली आणि मुंबईच्या विमानतळाबाहेर येईपर्यंत खाली ठेवली नाही. त्यानंतर पाकिटाचा विषय घरात निघाला नाही.

सहलीचा व्हॉट्सॲप गट महिनाभर छायाचित्रांनी भरून वाहिला, मग त्यावर सुप्रभाताचे संदेश उरले, मग तेही विरळ झाले. यात कोणाचा दोष नाही. ४१ माणसांचा रोजचा शेजार घरी आणता येत नाही. बागायतदारांकडून मात्र हंगामात द्राक्षांची पेटी आली आणि सांगलीहून बेदाणे गेले. दर रविवारी संध्याकाळी, जेवण आटोपल्यावर, अमरावतीचा दूरध्वनी येतो. औषधे घेतली का, पायाला सूज आहे का, ही चौकशी पहिली. मग अर्धा तास इतर गोष्टी. दिवाळीनंतर सिस्टर चार दिवस सांगलीला राहून गेल्या. त्यांच्या पानातही त्या दिवसांत बटाटा नव्हता, आणि त्यांनी तो मागितलाही नाही.

आता घरात पुढच्या सहलीचा विषय निघू लागला आहे. मुलांना नॉर्वे हवा आहे, सूनबाईंना भूतान. अक्का देशाचे नाव विचारत नाहीत. सिस्टरांना कोणत्या तारखा जमतील, एवढेच विचारतात.