प्रतिसाद न देणारा संगणक आणि प्रयोगशाळेची शिस्त

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मिळणारी मोफत सुरक्षा-अद्यतने थांबली आणि असंख्य जुन्या लॅपटॉपांच्या भवितव्याचा प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे यंत्र धडधाकट असूनही अधिकृत दृष्टीने ते निवृत्त ठरते. अशा यंत्रांवर लिनक्स बसवण्याचा सल्ला दिला जातो आणि तो योग्यच आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवरच चालत आला आहे. पण हीच प्रणाली बारा-तेरा वर्षे जुन्या लॅपटॉपवर बसवल्यानंतर दहाव्या मिनिटाला पडदा गोठला, तर पुढे काय करावे, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी बेंगळुरूमध्ये भौतिकशास्त्रात संशोधन करते. माझी भाची बेळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोलकाची गती संगणकावर सोडवून दाखवण्याचा प्रकल्प तिला सुटीनंतर सादर करायचा होता. घरी २०१२ सालचा एक लॅपटॉप होता : चार जीबी मेमरी आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. नवा लॅपटॉप घेणे यंदा तिच्या घराला परवडणारे नव्हते. दिवाळीच्या सुटीत ती तो घेऊन माझ्याकडे आली. आम्ही त्यावर लिनक्स बसवले, आणि तिच्या परतीला आठ दिवस उरले होते.

लक्षण असे होते. यंत्र नीट सुरू होई, प्रोग्रॅमही चालत. पण ब्राउझरमध्ये एखादे व्याख्यान आणि सहा-सात पाने उघडली की माऊसचा बाण जागीच थिजे, कळफलक मुका होई आणि हार्ड डिस्कचा दिवा अखंड पेटलेला राही. "मावशी, मेला गं हा!" ती म्हणाली. एका दुकानदाराने तर यंत्र न उघडताच नवे घ्यायला सांगितले होते.

इथेच थांबून विचार करावा लागतो. 'संगणक प्रतिसाद देत नाही' हे निरीक्षण आहे, निदान नव्हे. संगणक अनेक थरांचा बनलेला असतो. तळाशी यंत्रभाग, त्यावर प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल, त्यावर चित्रे रेखाटणारा थर, त्यावर डेस्कटॉप आणि सर्वांत वर आपले प्रोग्रॅम. यांपैकी कोणताही थर अडला तरी आपल्याला दिसणारे दृश्य एकच असते : गोठलेला पडदा. म्हणून पहिला प्रश्न 'उपाय काय?' हा नसून 'कोणता थर अजून उत्तर देतो आहे?' हा असला पाहिजे.

आम्ही तीन गृहीतके वहीत लिहिली. ग्राफिक्सचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, अडखळत असेल. डिस्क खराब होत असेल. किंवा मेमरी अपुरी पडत असेल. मग ज्यांच्या उत्तरांवरून या तिघांत निवड करता येईल, अशाच चाचण्या घेतल्या.

पहिली चाचणी कॅप्स लॉकच्या दिव्याची. कळ दाबल्यावर दिवा बदलला, तर गाभा जिवंत आहे. बदलला नाही, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. कारण डेस्कटॉप चालू असताना तो दिवा बदलण्याचा आदेश वरच्या थराकडून येतो, आणि कदाचित तोच अडलेला असतो. आमचा दिवा बदलला नाही. एखाद्या चाचणीचे 'हो' निर्णायक आणि 'नाही' निरुपयोगी असू शकते, हा धडा भाचीने वहीत अधोरेखित केला.

दुसरी चाचणी अधिक बोलकी ठरली. माझ्या संगणकावरून त्या लॅपटॉपला 'पिंग' केले, तर काही मिलिसेकंदांत उत्तर आले. त्याच वेळी एसएसएचद्वारे आत शिरायला मात्र तीन मिनिटांहून अधिक वेळ लागला. हा फरक महत्त्वाचा आहे. पिंगला उत्तर कर्नल स्वतःच देतो; त्यासाठी कोणताही प्रोग्रॅम जागा व्हावा लागत नाही. एसएसएचसाठी मात्र प्रोग्रॅम मेमरीत यावे लागतात. म्हणजे गाभा शाबूत होता आणि खोळंबा प्रोग्रॅमपर्यंत पोहोचण्यात होता.

आत शिरल्यावर 'व्हीएमस्टॅट' ही आज्ञा चालवली. दर सेकंदाला मेमरी आणि डिस्क यांच्यात पानांची प्रचंड ये-जा चालू होती आणि प्रोसेसर बहुतांश वेळ डिस्कची वाट पाहत रिकामा बसला होता. 'जर्नलसीटीएल'ने मागील सत्राची नोंद वाचली. ग्राफिक्सच्या बिघाडाची एकही ओळ नव्हती. डिस्कच्या स्मार्ट अहवालात खराब झालेल्या विभागांची संख्या शून्य होती. तिसरे गृहीतक उरले.

या अवस्थेला संगणकशास्त्रात 'थ्रॅशिंग' म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली तिची कारणमीमांसा केली. प्रत्येक प्रोग्रॅमला काम करताना मेमरीतील काही पानांचा संच सतत जवळ लागतो. सर्व प्रोग्रॅमांच्या अशा संचांची बेरीज उपलब्ध मेमरीहून मोठी झाली, की एकासाठी पान आणताना दुसऱ्याचे बाहेर टाकावे लागते आणि पुढच्याच क्षणी ते परत आणावे लागते. सगळा वेळ ने-आण करण्यातच जातो.

पण यंत्र हळूहळू मंदावण्याऐवजी एकाएकी का गोठते? आकडेमोड सोपी आहे. मेमरीतून माहिती मिळायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद. म्हणजे एक लाख पट. टेबलावरचे पुस्तक उचलायला एक सेकंद लागत असेल, तर हे पुस्तक हाती यायला जवळपास २८ तास लागतील. लाखातून एकदा डिस्ककडे जावे लागले, तर सरासरी वेळ दुप्पट होतो. हजारातून एकदा जावे लागले, तर तो शंभरपट होतो. मेमरीची तूट किंचित वाढते आणि वेग मात्र कोसळतो. पदार्थाच्या अवस्थांतराचा अभ्यास करणाऱ्याला हा आलेख ओळखीचा वाटेल.

अशा वेळी कर्नल एखादा प्रोग्रॅम बंद करून मेमरी मोकळी का करत नाही, हा प्रश्न रास्त आहे. तशी व्यवस्था कर्नलमध्ये आहे, पण पाने थोडीफार मोकळी होत असतील तोवर 'काम पुढे सरकते आहे' असेच तो मानतो. ही उणीव भरून काढण्यासाठी डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ४.२० या आवृत्तीत मेमरीअभावी किती वेळ वाया जातो, हे मोजण्याची सोय करण्यात आली. त्या मोजमापावरून वेळीच हस्तक्षेप करणारी सिस्टमडी-ओओएमडी ही सेवा २०२१ पासून फेडोरात आणि २०२२ पासून उबुंटूत आहे.

मग उपाय. तीच पाने, त्याच क्रमाने, आणि एका वेळी एकच बदल. मूळ स्थितीत सातव्या पानाला पडदा गोठत होता. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घेतल्यावर अकराव्या पानाला गोठला. झेडरॅम सुरू केले, म्हणजे पाने डिस्कवर न टाकता मेमरीतच दाबून ठेवू लागलो, तेव्हा पंधराव्या पानापर्यंत यंत्र मंद झाले पण चालत राहिले. शेवटी एस. पी. रोडवरच्या बाजारातून चार जीबीची जुनी डीडीआर-३ मेमरी आणून बसवली आणि गोठणे थांबले. त्यानंतर मुद्दाम झेडरॅम बंद करून मूळचा जड डेस्कटॉप परत लावून पाहिला; आठ जीबीत तोही नीट चालला. म्हणजे दोष डेस्कटॉपचा नव्हता, जागेच्या टंचाईचा होता. ही शेवटची उलट-तपासणी केली नसती, तर यंत्र चालले असते, पण कशामुळे चालले हे कळले नसते. भाची ठरल्या दिवशी लॅपटॉप घेऊन बेळगावला परतली आणि प्रकल्प वेळेत सादर झाला.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यावर अशी वेळ आली तर पॉवरचे बटण दाबून धरण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे थांबा आणि डिस्कच्या दिव्याकडे पाहा. तो अखंड पेटलेला असेल, तर आधी मेमरीचा संशय घ्या. दिवा विझलेला असेल आणि पिंगलाही उत्तर नसेल, तर शोध ग्राफिक्स चालकाकडे आणि यंत्रभागांकडे वळवा. मशीन बंद करणे भागच असेल, तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून ठेवून एस, यू, बी या कळा क्रमाने, मध्ये काही सेकंद थांबत दाबा. त्याने माहिती डिस्कवर लिहिली जाते, डिस्क केवळ वाचण्याजोगी होते आणि मग यंत्र पुन्हा सुरू होते. कोणाची मदत मागताना 'लॅपटॉप हँग होतो' एवढेच लिहू नका. मेमरी किती, डिस्क कोणती, काय केल्यावर गोठते, दर वेळी गोठते की कधीकधी, आणि गोठल्यावर कोणता थर उत्तर देतो, हे लिहा. पुष्कळदा ही पाच उत्तरे लिहितानाच कारण दिसू लागते.