पायाखालच्या डब्या

गाण्यात पायाचं काम काय, असं विचारलं तर माझ्या पिढीचा माणूस दोनच गोष्टी सांगेल. एक, ताल धरणे. दोन, संगीत नाटकात ऑर्गनचे भाते हाणणे. पायाला तिसरंही एक काम असतं, हे मला भाच्याने शिकवलं. इलेक्ट्रिक गिटारवाला हाताने सूर काढतो आणि पायाने तो बिघडवतो. ‘बिघडवतो’ हा शब्द माझा. भाचा ‘रंगवतो’ म्हणतो.

हे रंगकाम ज्या डब्यांतून चालतं त्यांना पेडल म्हणतात. चष्म्याच्या घराएवढी धातूची डबी, वर दोन-तीन पिळायच्या गुंड्या आणि पायाने दाबायची एक कळ. गिटारची वायर एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. सूर आत जाताना सज्जन असतो. बाहेर येईल तेव्हाची खात्री कुणी देत नाही.

भाच्याच्या यादीत अशा अकरा डब्या होत्या आणि खिशात पहिल्या पगारातून बाजूला काढलेले पंधरा हजार.

“दादा, तू जा रे त्याच्याबरोबर,” बहीण म्हणाली. “हे गेले तर भांडण होईल, आणि मी गेले तर अकराच्या अकरा घेऊन देईन.”

‘हे’ म्हणजे माझे मेहुणे. भजनी मंडळात चाळीस वर्षं पेटी वाजवणारा माणूस. मुलाच्या गिटारला ते ‘खरखर’ म्हणतात आणि ती सुरू झाली की फिरायला निघतात. पुढच्या महिन्यात मुलाचा पहिला जाहीर कार्यक्रम होता. रिक्षात तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “मामा, बाबा येणारेत म्हणे.” मग दुकान येईपर्यंत गप्प.

आता या खरखरीलाही घराणं आहे बरं का. १९५८ साली लिंक रे नावाच्या अमेरिकन वादकाने आपल्या स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोकं पाडली, आवाज फाटावा म्हणून! पुढे नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणात यंत्राचा एक भाग बिघडला आणि वाद्याचा आवाज भुंग्यासारखा गुणगुणू लागला. आपण असतो तर यंत्राच्या डोक्यावर चापट मारली असती. त्यांनी तो बिघाड तसाच ठेवला, १९६१ साली गाणं बाजारात आणलं, ते गाजलं, आणि १९६२ साली तोच बिघाड डबीत भरून मॅस्ट्रो फझ-टोन या नावाने विकायलाही काढला. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने ती डबी वापरली आणि मग जगभर बिघाडाला मागणी आली.

हसू नका. आपण तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवतो तो कशासाठी? तार स्वच्छ न वाजता जराशी झणझणावी, वरचे बारीक सूर जागे व्हावेत म्हणूनच ना? आपण त्याला जवारी म्हणतो. डबीतही सुराच्या लाटेचे माथे छाटले जातात आणि मुळात नसलेले सूर त्यात उगवतात. छाटणी कमी-जास्त, एवढाच फरक. ओव्हरड्राइव्ह म्हणजे पहाटेपर्यंत गाऊन घसा बसत आलेला गवई. डिस्टॉर्शन म्हणजे पाचवी सभा करणारा पुढारी. आणि फझ म्हणजे त्या सभेचा फाटका भोंगा.

कोरस नावाच्या डबीत सुराची नक्कल होते, ती किंचित उशिरा सोडतात आणि तो उशीरही डळमळता ठेवतात. थोडक्यात, आमच्या सोसायटीतली गणपतीची आरती. रिव्हर्ब म्हणजे देवळाचा गाभारा. डिले म्हणजे कड्यावरून मारलेली हाक. गुंडी पिळू तितक्या वेळा परत येते.

शिवाय क्रम सांभाळायचा. डिस्टॉर्शन आधी, डिले नंतर, असा सर्वसाधारण रिवाज. उलटं जोडलं तर हाक आणि तिचे सगळे प्रतिध्वनी एकाच खलबत्त्यात कुटले जातात. काहींना तेही आवडतं. माणसं मिसळीत दहीही घालतात.

दुकानात विक्रेता स्वतः वाजवून दाखवत होता आणि त्याच्या हातात प्रत्येक डबी सुरेख वाजत होती. साड्यांचा दुकानदारही स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून दाखवतोच की! नेसणार कोण, हे आपण विसरायचं नसतं. मी म्हटलं, “गिटार याच्या हातात द्या.” भाच्याने पाच डब्या एकदम चालू केल्या. आवाज असा उठला की शेजारच्या बासऱ्या हलल्या. पण तो काय वाजवतोय ते कळेना.

“आता सगळ्या बंद कर,” मी म्हटलं.

तो बिचकला. पांघरूण काढलं की माणूस आक्रसतो, तसं हळूच वाजवू लागला. तीन-चार ओळी गेल्या. विक्रेता बिल करायचं थांबून ऐकत राहिला. मला गिटारमधलं कळत नाही, पण लाजऱ्या पोराचा आवाज ओळखता येतो.

मग हिशेब सोपा झाला. ओव्हरड्राइव्ह एक, डिले एक, आणि तिसरा ट्यूनर. ट्यूनर ही डब्यांमधली सर्वांत नीरस डबी. ती सूर जुळवते आणि तेवढ्या वेळात आवाज बंद ठेवते. हा दुसरा गुण आणखी काही ठिकाणी बसवता आला तर बघावं. उरलेले पैसे नऊ व्होल्टच्या वीजजोडणीत आणि वायरींत गेले. यादीत त्यांना जागाच नव्हती. लग्नाच्या यादीत मांडववाला असाच विसरला जातो.

कार्यक्रमाला मेहुणे आले. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, हातात पिशवी. पण फिरायला गेले नाहीत.

रात्री साडेदहाला बहिणीचा फोन. मी धास्तावलो.

“दादा, काय करू सांग. हे आल्या आल्या त्याला म्हणाले, तो सूर लांबून परत येत होता तो कसा रे काढलास? झालं! दोघं जमिनीवर वायरी पसरून बसलेत. हे पेटीसुद्धा काढा म्हणतायत, तिला ती डबी लावता येते का बघायला. पोळ्या पार गार झाल्या.”

“मग होऊ देत की,” मी म्हटलं.