खोलीतली हवा मोजताना

चेन्नईला बदली झाली आणि सेंट थॉमस माउंटच्या बाजूला तळमजल्यावरचं क्वार्टर मिळालं. या भागातल्या खडकाला चार्नोकाइट म्हणतात. कोलकात्यात जॉब चार्नॉकच्या थडग्यावर जो दगड आहे तो याच भागातून गेलेला. म्हणून 1893 मध्ये भूशास्त्रज्ञ थॉमस हॉलंड यांनी खडकाला चार्नॉकचं नाव दिलं. खडकांची ही चौकशी मला का करावी लागली, ते सांगतो.

आमच्या युनिटमधले एक सुभेदार साहेब, साताऱ्याकडचे. आयुष्यात बिडी-सिगारेटला हात लावला नाही. पेन्शनवर गेल्यावर दोन वर्षांत फुफ्फुसाचा कर्करोग निघाला. सुट्टीत भेटायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांनी कधी तंबाखूसुद्धा मळली नाही. मग हे आलं कुठून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून वाचायला लागलो आणि रेडॉन हे नाव समोर आलं.

रेडॉन हा वायू. रंग नाही, वास नाही. जमिनीत, दगडात थोडं युरेनियम सगळीकडेच असतं. ग्रॅनाइटमध्ये जास्त, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात कमी. त्याचं विघटन होत होत रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन होतो. तो फरशीच्या भेगांतून घरात शिरतो. 3.8 दिवसांत निम्मा संपतो, पण त्यापासून तयार होणारे कण श्वासाबरोबर फुफ्फुसात बसतात आणि तिथे अल्फा किरण सोडतात. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाच्या खालोखाल याचा नंबर लागतो.

जगाला हे नीट कळलं 1984 च्या डिसेंबरात. अमेरिकेत पेन्सिल्वेनियातल्या एका अणुवीज प्रकल्पावर स्टॅन्ली वॉट्रस नावाचा इंजिनिअर कामाला होता. किरणोत्सर्ग तपासणाऱ्या दारातून जाताना त्याच्यावर घंटा वाजायची. प्रकल्पात तर अजून वीजनिर्मितीही सुरू झालेली नव्हती. शोध घेतला तेव्हा कळलं, तो हे सगळं घरून अंगावर घेऊन येत होता.

आमच्याकडे मोजणी झाली ती एका संशोधक विद्यार्थ्यामुळे. तो घरोघर डबीसारखी छोटी उपकरणं टांगत होता. आत दोन कप्पे आणि फिल्मचे तुकडे. एका कप्प्यात हवा बारीक छिद्रांतूनच जाते. थोरियमपासून होणारा थोरॉन मिनिटभरात निम्मा उरतो, त्यामुळे तो तिथे पोचेपर्यंत बहुतेक संपतो आणि रेडॉन तेवढा मोजता येतो. एक डबी हॉलमध्ये, एक मुलांच्या खोलीत. भिंतीपासून आणि पंख्यापासून लांब. तीन महिने हात लावायचा नाही. नंतर फिल्म कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ठेवली की अल्फा कणांच्या खुणा दिसतात, त्या मोजायच्या.

सौ. रोज विचारायची, "अहो, आलं का काही?" मुलांच्या खोलीत डास आणि एसीमुळे खिडकी कायम बंद, म्हणून तिला घोर.

निकाल आला. जागतिक आरोग्य संघटना घनमीटरला 100 बेक्वेरेलची मर्यादा सुचवते. आमचे दोन्ही आकडे त्याच्या बरेच खाली. पण बंद खोलीचा आकडा हॉलच्या दुपटीहून जास्त होता. घर एक, फरशी एक. फरक फक्त खिडकीचा. आता सकाळ-संध्याकाळ जाळी लावून खिडकी उघडी असते, फरशीच्या भेगा सिमेंटने भरून घेतल्या.

वहिनींना फोन केला. सांगितलं, एका माणसाचा आजार कशामुळे झाला हे कोणतंच यंत्र सांगू शकत नाही. आणि साहेबांच्या किंवा तुमच्या हातून काही राहून गेलं असंही नाही. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "एवढं तरी कोणी सांगितलं."

फौजी मित्रांनो, थंड ठिकाणी बुखारी पेटवून बंद खोलीत झोपू नये, हे आपल्याला पहिल्याच हिवाळ्यात शिकवतात. हवा खेळती ठेवायची तीच सवय इथेही कामाला येते. आणि सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक गोष्ट: तेवढ्याच रेडॉनचा धोका त्यांना न ओढणाऱ्यापेक्षा सुमारे 25 पट असतो. खिडकी उघडाच, पण आधी ती सिगारेट विझवा.