परसातला बांबू आणि मंगळवारचा बाजार

सावंतवाडी म्हटले की लोकांना मोती तलाव आणि चितार आळीतली लाकडी फळे आठवतात. तलावाच्या काठाने फेरी मारावी, राजवाड्यात गंजिफांवरचे रंगकाम पाहावे, मुलांसाठी भोवरा किंवा रंगीत केळ्यांचा घड घ्यावा आणि गोव्याच्या वाटेला लागावे, अशी पाहुण्यांची रीत आहे. ती कला चांगलीच आहे. मोडकळीला आलेली गंजिफांची कला शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी पुन्हा उभी केली, म्हणून ती आज पाहायला तरी मिळते.

परंतु या खेपेला आम्ही गेलो ते दुसऱ्या हातांची कला पाहायला. तिला राजाश्रय मिळाला नाही आणि काचेचे कपाटही मिळाले नाही. दर मंगळवारी ती डोक्यावरून बाजारात येते आणि रस्त्याच्या कडेला गोणपाटावर मांडली जाते. सूप, रोवळी, हारा, डालगे. त्यांच्या शेजारी लाल माठाच्या जुड्या, अळूची पाने, गावठी केळी आणि हंगाम असला तर सुरंगीचे वळेसर. विकणारी बहुधा कोणाची तरी आई असते. घरच्या परसात पिकवायचे, घरच्या ओटीवर विणायचे आणि त्यावर मुलांची शाळा चालवायची, असा हा संसार आहे. तो पाहावा आणि आमच्या वाचक भगिनींना सांगावा, या हेतूने आम्ही ही वाट धरली.

व्हाळाकाठची वाडी

ज्या गावात आम्ही गेलो त्याचे नाव मुद्दाम देत नाही. कोणाच्या घरचा हिशेब चारचौघांत मांडला जाऊ नये. सावंतवाडीहून एस. टी.ने तासाभराचा रस्ता, आणि पुढे जांभ्या दगडाची पाणंद.

कोकणातले गाव देशावरच्या गावासारखे एका जागी नसते. ते वाड्यावाड्यांतून विखुरलेले असते. बौद्धवाडी बहुतेक ठिकाणी सापडते ती गावाच्या कडेला, उताराच्या टोकाला, व्हाळाच्या अंगाला. ही जागा आपल्या वाडवडिलांना कोणी प्रेमाने दिली नव्हती. चांगली सपाट शेते दुसऱ्यांकडे गेली आणि उरलेल्या उतारावर यांची घरे झाली. मात्र व्हाळाकाठची ओल बांबूला मानवते. त्यामुळे घरामागे बांबूची बेटे वाढली आणि त्या बेटांवर पिढ्या जगल्या.

सिंधुदुर्गात घरोघरच्या कुंपणाला दिसतो तो माणगा. त्याला काटे नसतात, फांद्या कमी असतात आणि बुंध्याकडे तो जवळजवळ भरीव असतो. काठीला, मांडवाला, फर्निचरला त्याला मागणी आहे. विणकामाला मात्र लांब पेरांचा, फार जून न झालेला बांबू लागतो. असा बांबू घरच्या बेटात मिळाला तर ठीक, नाहीतर तो विकत आणावा लागतो आणि तिथूनच खर्चाला सुरुवात होते.

आम्ही ज्या घरी उतरलो त्या घराचे परस दोन गुंठ्यांहून मोठे नसेल. पण त्यात एक हात जागा वाया गेलेली नव्हती. न्हाणीचे पाणी पन्हळीने केळीच्या बुंध्याशी सोडलेले, आणि तिथून जे ओघळेल ते अळूला. पावसाळ्यात पडवळ, दोडका आणि काकडी मांडवावर चढतात. पावसाने पाणी साचते म्हणून वाफे हातभर उंच केलेले. पाऊस सरला की त्याच वाफ्यांत लाल माठ, मुळा आणि वाली. लाल माठ महिनाभरात काढणीला येतो, म्हणून बाई एकदम सगळा पेरत नाहीत. दर आठ दिवसांनी एक वाफा पेरतात, म्हणजे दर मंगळवारी जुडी तयार असते. चुलीची राख पानांवर भुरभुरतात, त्याने मावा कमी होतो. बांबू तासल्यावर जे कूस निघते ते वाफ्यावर पसरतात, आणि ज्या कांबी विणायला निकामी ठरल्या त्यांचा वेलांना आधार होतो. एका कामाचा कचरा दुसऱ्या कामाचे भांडवल झाला आहे.

सुपाची जन्मकथा

बाईंचे पती गवंडीकामाला जातात. घरात सासूबाई, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. विणकामात खरा हात आजींचा. त्यांनी आम्हाला ओटीवर बसवून घेतले आणि बोलता बोलता काम चालू ठेवले.

बांबू पावसाळ्यात तोडत नाहीत. पाऊस संपून थंडी पडली की तोडतात. त्या दिवसांत बांबूतले पिठूळ सत्त्व कमी असते, आणि भुंगेऱ्याला तेच सत्त्व खायला हवे असते. तोडताना बेटातले जुने बांबू काढायचे आणि त्या वर्षीचे कोंब राखायचे. तोड जमिनीलगत पेराच्या वर घ्यायची, म्हणजे खुंटात पाणी साचून बेट कुजत नाही. बांबू ओला असतानाच कोयतीने उभा चिरतात, कारण वाळल्यावर कांब वाकत नाही, मोडते. वरच्या हिरव्या सालीची कांब टणक आणि टिकाऊ, आतली पांढरी मऊ. कोणती कुठे घालायची हे डोळ्याला नव्हे, बोटाला कळते. आजींची नजर आता अधू झाली आहे, तरी पाती जाड की पातळ हे त्या अंगठ्याने सांगतात.

तयार सूप चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात. धुराने त्याला कीड लागत नाही आणि पावसाळ्यात बुरशी धरत नाही. घेणारे पुढे त्याला शेणाने सारवतात, म्हणजे फटी बुजतात. असे सूप वर्षानुवर्षे टिकते.

आमच्या समोरच मुलगा खेळता खेळता कोयतीकडे सरकला. बाईंनी ती उचलून आढ्याला खोचली आणि म्हणाल्या, "कोयती नको. आधी पुस्तक घे." या घरचा नियम साधा आहे. मुलीला विणायला आवडते, तर तिने मे महिन्याच्या सुट्टीत आजीजवळ बसून रोवळी विणावी. पण बाजाराच्या दिवशी शाळा बुडवायची नाही, चतुर्थी तोंडावर आली तरी नाही.

हा नियम आम्हाला फार मोलाचा वाटला. २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क आहे. मात्र बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यास बंदी घालतानाच शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत घरच्या धंद्याला हातभार लावण्याची मुभा ठेवली गेली. हातभार कुठे संपतो आणि मजुरी कुठे सुरू होते, हे पाहायला घरात कोणी अंमलदार येत नाही. ते आईबापांनीच ठरवायचे असते.

बलुते आणि किंमत

देशावर बांबूकाम बुरूड समाजाकडे होते. दक्षिण कोकणात आणि गोव्यात ते आपल्या समाजाकडेही होते. गावाला सूप, डालगे, पावसाळ्यातले इरले पुरवायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन जे धान्य पडेल ते घ्यायचे. वस्तू यांची, पण किंमत ठरवणारे दुसरेच. भाद्रपदात गौरीच्या ओवशाला नव्या सुनांना नवी कोरी सुपे लागत, आजही लागतात. सूप देवघरापर्यंत जाई आणि ते विणणारी बाई खळ्याच्या बाहेर उभी राही. आजींनी हे ऐकलेले नाही, पाहिलेले आहे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. माणसाकडून हक्काने काम करून घ्यायचे आणि मोबदला मात्र मर्जीने द्यायचा, या रीतीवरच तो घाव होता. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. १९५६ नंतर ठिकठिकाणी आपल्या लोकांनी जातीने लादलेली कामे टाकून दिली. ते योग्यच झाले.

वाडीतला एक पदवीधर तरुण आम्हाला म्हणाला, "त्या कोयतीकडे बघितले की मला आजोबांची वाकलेली पाठ दिसते. मी तिला हात लावणार नाही." त्याचे चूक आहे असे कोण म्हणेल? बाईंना आम्ही हे सांगितले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याच्या आजोबाक भाव सांगूचो अधिकार नव्हतो. माका आसा."

आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे उत्तर या एका वाक्यात आहे. काम तेच, बांबू तोच, बोटेही तीच. पण ते करायचे की नाही हे आपण ठरवणे, आणि केले तर भाव आपण सांगणे, यामुळे बलुत्याची कला होते. जो भाव सांगू शकत नाही त्याच्यासाठी ते अजून बलुतेच आहे, मग पैसे रोख मिळोत की धान्यात.

भाजी थांबत नाही, सूप थांबते

भाव सांगायचा तर हिशेब यायला हवा. समजा, एका बांबूचे शंभर रुपये पडले, त्यातून चार सुपे झाली आणि त्यांना दोन दिवस लागले. बाजाराचे येण्या-जाण्याचे भाडे साठ रुपये. सूप दीडशेला गेले तर सहाशे हाती आले. खर्च वजा जाता उरले चारशे चाळीस. विणण्याचे दोन दिवस आणि बाजारात बसण्याचा एक, असे तीन दिवस धरले तर रोज दीडशेही पडत नाही. तेच सूप दोनशेला गेले तर रोज दोनशे तेरा पडतात. म्हणजे गिऱ्हाईक ज्या पन्नास रुपयांसाठी घासाघीस करते, तो विणणारीच्या मजुरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा असतो.

इथेच परसाचे महत्त्व कळते. मंगळवारी आम्ही बाईंच्या शेजारी बाजारात बसलो. सकाळी प्रथम भाजी गेली. लाल माठ दुपारी कोमेजतो, म्हणून तो पडेल त्या भावाने लवकर विकावा लागतो. पण त्यातून भाडे सुटले आणि मीठ-तेलाची सोय झाली. त्यामुळे सूप पडेल त्या भावाने देण्याची पाळी आली नाही. एक गृहस्थ आले.

"सूप केवढ्याक?"

"दोनशे."

"प्लास्टिकचा सत्तराक गावता!"

"तां घेवा मगे. आणि तेच्यात तांदूळ पाखडून दाखवा."

गृहस्थ हसले, थोडे घुटमळले आणि निघून गेले. बाईंनी त्यांना परत हाक मारली नाही. संध्याकाळी दोन सुपे उरली, ती घरी आली. भाजी थांबत नाही, पण सूप थांबते. चुलीवरच्या माळ्यावर ते चतुर्थीपर्यंत थांबेल. ज्या घरी परस नाही तिथली बाई उन्हाळ्यात अडचणीला व्यापाऱ्याला स्वस्तात सुपे देते, आणि भाद्रपदात तीच सुपे चढ्या भावाने विकली जातात. दोन गुंठ्यांचे परस पोट भरते की नाही हा वेगळा प्रश्न आहे, परंतु ते आईला 'नाही' म्हणण्याचे बळ देते.

वाचकांसाठी थोडेसे

मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या आमच्या अनेक वाचकांचे घर कोकणात आहे आणि त्यामागे परसही आहे. मे महिन्यात गावी जाल तेव्हा ते पाहा. पावसाच्या सुरुवातीला बांधाच्या कडेला बांबूची रोपे लावली तर चार-पाच वर्षांत तोड मिळू लागते. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडांत गणला जात होता. २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्यातून वगळण्यात आला. त्यामुळे स्वतःच्या जागेतला बांबू तोडायला पूर्वीसारखे भ्यायला नको. कुडाळला कोनबॅक ही संस्था २००४ पासून बांबूच्या फर्निचरचे आणि घरबांधणीचे काम करते. सूप-रोवळीपलीकडे या कलेला वाटा आहेत, हे तरुणांनी तिथे जाऊन पाहावे.

घरी काही करून विकणाऱ्या भगिनींनी, मग ते सूप असो, गोधडी असो की कुंडीतली रोपे, एक वही ठेवावी. सामानाचे पैसे सगळ्याच लिहितात. आपले तास लिहायला विसरू नये. आईच्या वेळेला किंमत नसते असे घर समजते, तेव्हा बाजारही तसेच समजतो. मुलांना हिशेब जरूर शिकवावा, वहीतली बेरीज त्यांच्याकडून करून घ्यावी. हातातले कसबही सुट्टीत शिकू द्यावे, त्यात लाज नाही. मात्र शाळेचा दिवस बाजाराला देऊ नये.

आणि विकत घेणाऱ्यांनी एवढेच करावे. मंगळवारी सावंतवाडीत किंवा शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गोणपाटावर सूप मांडलेली बाई दिसली तर भाव विचारावा, आणि ती सांगेल तो द्यावा.