रिळावरची मजुरी

आमच्याकडे गोधडीची मजुरी लांबी-रुंदीवर ठरत नाही, रिळावर ठरते. शिवताना जेवढा दोरा गेला, तेवढे पैसे. शहरातलं गिऱ्हाईक हे ऐकून बुचकळ्यात पडतं. आमच्या भागातल्या बायकांना मात्र ते समजावून सांगावं लागत नाही. कापूस वेचणीची मजुरी किलोवर घेण्यात त्यांची हयात गेली आहे. दिवसभर वाकून जे वेचलं ते संध्याकाळी काट्यावर घालायचं आणि तेवढ्याचे पैसे मोजून घ्यायचे, हा हिशेब खानदेशातल्या बाईच्या अंगात मुरलेला आहे.

साडेसात फूट लांब आणि पाच फूट रुंद गोधडी घ्या. दोन ओळींत अर्धा इंच अंतर ठेवलं तर धावदोऱ्याची एकूण लांबी 900 फूट भरते, म्हणजे जवळजवळ 275 मीटर. तेच अंतर पाव इंचावर आणलं की 550 मीटर. पांघरणाऱ्याला दोन्ही गोधड्या एकाच मापाच्या. शिवणारीची पाठ, मान आणि बोटाची पेरं मात्र दुसरीला दुप्पट झिजतात. मापावर भाव लावला तर दाट शिवणारी बाई तोट्यात जाते, मग ती विरळ शिवायला लागते, आणि विरळ शिवलेली गोधडी दोनचार धुण्यांत आतून सरकते. म्हणून रीळ. टाक्याची लांबी रिळावरून कळत नाही, ती डोळ्यांनी बघावी लागते. आमच्याकडे टाका गव्हाच्या दाण्याएवढा, त्याहून मोठा चालत नाही.

माझ्या माहेरी, जळगावजवळच्या गावात, गोधडी कधी विकली गेली नाही. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की मृगापर्यंत शेतात बायकांना काम कमी. तेव्हा माय आणि काकू ओसरीवर लुगडी अंथरायच्या, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवायच्या आणि कच्चे टाके घालून घ्यायच्या. मग कडेपासून सुरुवात करून आत आत, चौकोनात चौकोन. मी सुई धरायला शिकले ती त्यांच्यात बसून. "दोरा ताणू नको वं, कापड गोळा व्हस," एवढंच माय सांगायची, आणि खरं म्हणजे या कामातलं निम्मं शिक्षण तेवढंच आहे. बाहेर जळगाव-भुसावळचं 45 अंशांचं ऊन असायचं आणि हातात थंडीचं पांघरूण. धुळ्याला नांदायला आल्यावर त्या पांघरुणाची किंमत कळली. इथे जानेवारीत पारा कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो.

गोधडीचा धंदा करायचा असं घरात ठरलं तेव्हा भांडवलाचा प्रश्नच नव्हता. सुया, रिळं, कात्री, झालं. वाद झाला तो सासूबाईंच्या मजुरीवर. घरच्या कामाचे कसले पैसे, असं त्या स्वतःच म्हणत होत्या. जेठाणीचंही तेच. मी अडून बसले. कारण घरच्या बाईचा हात फुकट धरला की गोधडीची किंमत दोऱ्याच्या आणि अस्तराच्या खर्चावर येऊन थांबते. त्या किमतीत गल्लीतली दुसरी बाई मदतीला घेतली तर तिला द्यायला पैसे उरतच नाहीत. मग तिलाही चहापाण्यावर बसवायचं? घरगुती धंदे बाईच्या फुकट हातावर उभे राहतात आणि त्याच हातावर मोडतात, हे मी आजूबाजूला पाहिलं आहे. त्यामुळे आमच्या वहीत पहिलं नाव सासूबाईंचं आहे, त्यांच्या नावापुढे रिळं, आणि रिळांपुढे रक्कम. पहिल्यांदा पैसे हातात घेताना त्या लाजल्या होत्या. आता महिनाअखेरीला वही स्वतः तपासतात.

गोधड्या शिवून पैसे घेणाऱ्या बायका दुसरीकडेही होत्या. अमेरिकेतल्या अलाबामात 1966 साली काळ्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली. कापसाच्याच मुलखातल्या बायका, घरातल्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या. पुढे सिअर्स कंपनीची कॉर्डरॉय कापडाच्या उशीच्या अभ्र्यांची मोठी ऑर्डर त्यांना मिळाली. सगळे अभ्रे एकसारखे हवेत, ही अट. पोट भरायला ते काम उपयोगी पडलं. पण मला भावतं ते वेगळंच. त्या ऑर्डरीतून उरलेले तुकडे घरी नेऊन तिथल्या बायकांनी आपल्या मनाजोगत्या गोधड्या शिवल्या, आणि त्या आज नावाजल्या जातात. एकसारख्या वीस गोधड्या मागणारं गिऱ्हाईक आमच्याकडेही येतं. आम्ही रंग आणि माप ठरवून देतो. मधली जुळणी शिवणारीवर सोडतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पानिपतची ब्लँकेटं घ्यावीत, ती खरंच एकसारखी असतात.

उत्तर कन्नडातल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका त्यांच्या कवंडीच्या, म्हणजे गोधडीच्या, चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या चिंध्यांची फुलं लावतात. फुलांवाचून कवंडी उघडी समजतात. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर अख्खं पुस्तक केलं आहे. दुसरीकडच्या गोधड्यांविषयी असं काही हाती आलं की ते वाचण्यात आमच्याकडे जेवणं लांबतात.

आता कापडाविषयी, कारण खरी कसोटी तिथे आहे. पाचवारी तीन साड्यांत या मापाचे पाच थर बसतात आणि गोधडी दोन किलोच्या आसपास भरते. प्रत्येक साडी उजेडासमोर धरायची. विरलेला भाग आत, दमदार कापड वर आणि खाली. ओला पांढरा फडका घासून रंग उतरतो का ते बघायचं. बाळाचं दुपटं असेल तर जर काढून टाकायची आणि गाठ थरांच्या आत ओढून घ्यायची, अंगाला लागता कामा नये.

आमचं निम्म्याहून जास्त काम लोकांनी आणलेल्या कापडाचं असतं. बहुतेक वेळा गेलेल्या आईचं किंवा आजीचं. एक बाई म्हणाल्या, धुऊ नका, तिचा वास जाईल. न धुतलेलं कापड आम्ही शिवत नाही. मळ आणि खळ राहिली की सुई अडते, पुढे कसर लागते. मी त्यांना म्हटलं, ताई, तुम्हीच घरी धुऊन आणा, सावकाश, घाई नाही. पुष्कळ दिवसांनी त्या धुतलेली लुगडी घेऊन आल्या. तेव्हापासून असं कापड आम्ही घरच्यांनाच धुऊन आणायला सांगतो. ज्याचं माणूस, त्याच्याच हातून ते व्हावं, असं मला वाटतं.

एकेकाळी इथल्या घरांत अमळनेरच्या प्रताप मिलचं आणि जळगावच्या खानदेश मिलचं सुती कापड वापरात होतं. खानदेश मिलच्या जागेवर आता खानदेश सेंट्रल मॉल आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या गाठोड्यांत पॉलिस्टर वाढत चाललं आहे. ते सुईखाली सरकतं, घाम टिपत नाही. आम्ही ते परत करतो, आणि त्यात गिऱ्हाईक नाराज झालं तरी होऊ देतो.

म्हणून एक मागणं आहे. घरात सुती लुगडं, धोतर, जुनी सुती साडी असेल तर भांड्यांच्या बदल्यात बोहारणीला देऊन टाकू नका. धुऊन, पूर्ण वाळवून, खळ न लावता कडुलिंबाच्या पाल्यात ठेवा. वर्षातून दोनदा घडी बदला, कारण कापड आधी घडीवर फाटतं. शिवायची घाई नाही. आमच्याकडे द्या, नाहीतर स्वतः शिवा. दोन ओळींत अर्धा इंच सोडून सुरुवात केली तरी चालेल.