बोक्याची जीभ

तेल मी कुत्र्याला लावायला सांगितलं होतं.

घनसावंगीकडचं मोसंबीच्या बागेतलं घर. मोत्याच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड भरलेले. मालक म्हणाले, "सुई नको डॉक्टर, घरगुती सांगा काहीतरी." माझी प्रॅक्टिस नवी होती. खोबरेलात नीलगिरीचं तेल टाकून चोळा, असं बोलून गेलो. थेंब किती ते सांगितलं नाही. त्यांनी अख्खी बाटली ओतली. दुसऱ्या सकाळी ते आले ते पिशवीत बोका घेऊन. लाळ गळतेय, मागचे पाय लटपटताहेत, अंग गार. मोत्या मात्र ठणठणीत. बोका रोज रात्री त्याच्या पोटाशी झोपायचा, आणि झोपण्याआधी त्याला चाटून काढायचा.

मांजराच्या केसांना लागलेलं काहीही पोटात जातंच. पुढचं काम यकृताचं. आपलं यकृत असली द्रव्यं ग्लुकुरोनिक आम्लाला जोडून लघवीवाटे बाहेर काढतं. मांजरात हे काम करणारं एक महत्त्वाचं जनुकच निकामी आहे. म्हणून विष रेंगाळतं.

कुत्री यातून सुटली, असंही नाही. अमेरिकेत 2002 ते 2012 या काळातल्या, निव्वळ टी-ट्री तेल बाधलेल्या 443 कुत्र्या-मांजरांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत कुत्रीच जास्त निघाली, आणि दहांतल्या जवळपास नऊ वेळा तेल मुद्दाम लावलेलं होतं. मायेनंच!

"आयुर्वेदिकच तर हाय, त्यानं काय होतंय?" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. आमच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण तिच्या सालीतल्या तेलात मांजराला बाधणारं लिमोनीन असतं. पिसवांसाठी तीच साल मांजरावर पिळणारे लोक मी पाहिलेत. पूजेचा कापूर कुत्र्यानं गिळला तर झटके येऊ शकतात. सुगंधी तेलाचं यंत्र लावायचंच असेल, तर दार उघडं ठेवा. मांजराला उठून जाता आलं पाहिजे.

बोक्याला उलटी करवली नाही, कारण तेल फुप्फुसात उतरण्याची भीती. भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी घेऊन त्याला धुतलं, मग मोत्यालाही. सलाइन, गरम पाण्याच्या बाटल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं मला बोचकारलं, तेव्हा जिवात जीव आला.

आता कुत्र्याची चिठ्ठी लिहिण्याआधी विचारतो, घरात मांजर आहे का? परवा अंबडच्या एक मावशी म्हणाल्या, "न्हाई बा." जाता जाता दारातून वळल्या, "शेजारणीचं हाय. झोपायला तेवढं आमच्यात येतं."

चिठ्ठी परत मागून घेतली.